बेळगावची चौथी लाइन

आमच्या परळच्या चाळीत दर मजल्यावर वीस खोल्या आणि टोकाला चार संडास. खोलीमागे घरमालकाला ठाऊक असलेली माणसं पाच, ठाऊक नसलेली चार. एकूण एकशे ऐंशी माणसं आणि चार दारं. हे जमतं कसं, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. आतल्याला पडत नाही, कारण तो रांगेत असतो.

या रांगेत उभं राहून जिला बौद्धिक आनंद मिळत असे, अशी बाई चाळीत एकच होती. बकुळा आचरेकर. ती फोर्टात टेलिफोनच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, म्हणजे मुंबईबाहेरचे टेलिफोन जोडून देण्याचं काम करी. हातात टमरेल घेऊन ती शेजारणीला समजावून सांगे, "मुंबईत टेलिफोन हजारोंनी आहेत. बेळगावला जाणाऱ्या लाइनी किती? चार. तरी सगळ्यांचं बोलणं होतं. का होतं? सगळे एकाच वेळी बोलत नाहीत म्हणून. एक उठला की दुसरा बसला. आपल्या या चार दारांसारखंच."

शेजारीण म्हणे, "होय गो बाय, पण माका आता घाई आसा."

बकुळा एकतीस वर्षांची, मॅट्रिक, अविवाहित. कानावरच्या यंत्राच्या पट्टीने तिचे केस एका बाजूला कायमचे चपटे झाले होते. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ती बेळगावच्या लाइनी जोडायच्या फळ्यासमोर बसे. ट्रंक कॉल नोंदवला की त्याचं एक तिकीट होई. तिकिटं वेळेच्या क्रमाने तिच्यासमोर येत आणि ती त्याच क्रमाने एकेकाला लाइन देई. मागे गर्दी असली की तीन मिनिटं झाल्याबरोबर मध्येच "थ्री मिनिट्स" म्हणून तार सोडवून घेई. समोरचा रडत असो की कुणाला रडवत असो. चाळ तिला "थ्री मिनिट" म्हणायची. तिच्या लग्नाची बोलणी दोनदा सुरू होऊन मोडली होती. चाळीच्या मते ती दोन्ही वेळा तीन मिनिटांतच आटोपली.

तिच्याबद्दल चाळीला राग होता, आणि त्याचं कारण असं की ती कोणाच्या उपयोगी पडत नसे. टेलिफोन खात्यात शेजारीण असूनही आपला कॉल रांगेतूनच जावा, हे लोकांना पटत नव्हतं. सरकारी नोकरीत असून ओळखीचं काम करत नाही म्हणजे बाई बाहेरून लाच घेत असली पाहिजे, असा तर्क दुसऱ्या मजल्यावर मांडला गेला होता आणि तिसऱ्या मजल्याने तो मान्य केला होता.

आमच्या मजल्यावरच्या चार दारांपैकी तिसऱ्या दाराला वर्षभर कुलूप होतं. वर पुठ्ठा: "नादुरुस्त". किल्ली कोंडीरामच्या कमरेला. कोंडीराम चाळ कमिटीचा सेक्रेटरी. त्याच्या घरची माणसं रांगेत कधी दिसत नसत, आणि त्यांना बद्धकोष्ठही नव्हतं. हे सर्वांना ठाऊक होतं, म्हणून त्याविषयी कोणी बोलत नसे. बकुळा एवढंच म्हणायची, "चारातलं एक दार गेलं तर खोळंबा पावपट वाढेल असं वाटतं. तसं नसतं. दुपारी काहीच फरक पडत नाही. पण सकाळी गिरणीच्या भोंग्याच्या आधी, जेवढी माणसं उठतात त्याहून जास्त येऊन उभी राहतात. मग रांग पावपट वाढत नाही, ती संपतच नाही."

"खात्यात असं नाही ना होत?" मी एकदा विचारलं.

"खातं भारत सरकारचं आहे," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात उपरोध नव्हता. मला तेव्हाच तिची काळजी वाटायला हवी होती.

अठ्ठावन्न सालचा नोव्हेंबर. सीमाभागात सत्याग्रह सुरू झाला होता आणि मुंबईहून तुकड्या बेळगावला निघत होत्या. आमच्या चाळीतून एकच गेला, जगदीश घाडी. मिलमध्ये बदली कामगार, वय बावीस. त्याची आई शांता मिलमध्येच, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात. नवरा नाही, दुसरं मूल नाही. सत्याग्रह मदत मंडळाचा सेक्रेटरी अर्थातच कोंडीराम. त्याने जगदीशला हार घातला, बलिदानावर वीस मिनिटं भाषण केलं आणि इथलं काम बघायला कोणीतरी हवं म्हणून स्वतः मागे राहिला.

आठ दिवसांनी बातमी आली की बेळगावात लाठीहल्ला झाला आणि परळचा एक पोरगा मेला. बातमी कोणी आणली ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोंडीरामने ती तपासली नाही. तपासलेली बातमी कधीकधी हातची जाते. त्याने जगदीशचा गणपतीतल्या लेझीम पथकातला फोटो मिळवला, शेजारची पोरं कापून टाकली, उरलेला मोठा करून घेतला आणि काळ्या चौकटीत बसवला. शनिवारी संध्याकाळी सहाला मैदानावर श्रद्धांजली सभा. मी प्रूफं तपासायचं काम करी, म्हणून हस्तपत्रकाचं प्रूफ माझ्याकडे आलं होतं. "हुतात्मा" या शब्दापुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं. छापखान्याने त्याचं उद्गारचिन्ह करून छापलं.

शांता मात्र फोटोला हार घालू देईना. तिचा भाचा रामदास याचं बेळगावात कापडाचं दुकान होतं आणि दुकानात टेलिफोन होता. त्याला तार केली. उलट तार आली ती एका इंग्रजी शब्दाची: एन्क्वायरिंग. चौकशी करतो आहे. चाळीने याचा अर्थ मेला असा लावला, कारण जिवंत माणसाची चौकशी कशाला करायची.

"तार नको," शांता म्हणाली. "माका माणसाचो आवाज ऐकूचो आसा. माझो झील आसा की नाय, ता कोणीतरी तोंडान सांगूक होया."

शुक्रवारी सकाळी तिने खाडा केला आणि पोस्टात जाऊन बेळगावचा साधा ट्रंक कॉल नोंदवला. डबा घेऊन दिवसभर बाकावर बसली. दुप्पट दराचे अर्जंट कॉल पुढे जात राहिले. पोस्टातला टेलिफोन पाचला बंद, आणि दिवस संपला की तिकीट बाद. संध्याकाळी ती भरलेला डबा घेऊन परत आली आणि तशीच बकुळाच्या दारात उभी राहिली. चाळ तिच्यामागे.

"बकुळा, माझो नंबर कधी लागतलो?"

"उद्या दार उघडताच नोंदवा, मावशी. सत्याग्रहामुळे गर्दी आहे आणि एक लाइन आठ दिवस बंद पडलीय. पण क्रमाने येतं तिथे. तुमचा नंबर आला की येणारच."

शेजारचा सीताराम मध्ये पडला. "पण तू तिथेच बसतेस ना? घाल ना मध्ये."

"आणि मी मध्ये घातल्यामुळे जो मागे जाईल, त्याच्या आईला काय सांगू?"

"त्याची आई आपल्या चाळीत राहते काय?"

कोंडीराम जिन्यातून म्हणाला, "मावशी, कशाला टेलिफोनची दगदग? सभेला या तुम्ही. सगळं कळेल." शांता त्याच्याकडे न बघता आत गेली. चाळीने बकुळाला दगडाच्या काळजाची ठरवलं आणि जेवायला घेतलं.

शनिवारी एक्सचेंजमध्ये काय झालं ते बकुळाने मला नंतर सांगितलं.

तिच्या फळ्यावर बेळगावच्या चार लाइनींची चार भोकं. चौथ्यात नऊ दिवस लाकडी खुंटी मारलेली आणि तिला लाल चिठ्ठी: "फॉल्टी". बाकीच्या तीन लाइनींवर ती सकाळपासून घाण्याला जुंपल्यासारखी होती. शांताचं तिकीट तिने पाहिलं होतं. त्याच्या आधी साधी सात होती. अर्जंट तर संपतच नव्हते.

तीनच्या सुमाराला एक ग्राहक बोलता बोलता थांबला म्हणून ती तिसऱ्या लाइनीवर कान देऊन बसली. शेजारच्या तारेतलं बोलणं कधी कधी झिरपतं, तसं ते झिरपत होतं. एक शेठ तंबाखूच्या भावाविषयी बेळगावच्या आपल्या पेढीशी बोलत होते. निपाणीचा माल, मग पावसाने खराब झालेला माल, मग पेढीवरच्या मुनीमाच्या मुलीचं लग्न, पुन्हा माल. बकुळाने घड्याळ लावलं आणि बाकीचे कॉल जोडता जोडता मधूनमधून कान दिला. बावीस मिनिटं. मध्ये कोणीही थ्री मिनिट्स म्हटलं नाही. तिच्या दुसऱ्या दोन लाइनींवर अर्जंटवाले बोलत होते आणि त्यांचे आवाज तिच्या ओळखीचे होते. म्हणजे शेठ उरलेल्या लाइनीवर होते. नऊ दिवस मेलेल्या तारेवर.

"मला आमच्या तिसऱ्या दाराचा पुठ्ठा आठवला," ती म्हणाली. "मी पाणी प्यायला उठले."

पाणी पिऊन ती सुपरवायझरच्या टेबलाशी गेली. हेमचंद्र वेलकर हा गृहस्थ देव, धर्म आणि खाते नियमावली यांच्याविषयी नेहमी एकाच आवाजात बोले. त्याच्या टेबलावरून, मुलींच्या फळ्यांना बगल देऊन, कोणतीही लाइन परस्पर जोडता येत असे.

"साहेब, चार नंबरवर कोणी बोलतंय."

"ती नादुरुस्त आहे, बकुळाबाई."

"मग बोलतंय कोण?"

"तुम्हाला दुसऱ्याचं ऐकायचं काम दिलंय का?"

"हो साहेब. तेवढंच काम दिलंय."

वेलकरने चष्मा पुसला. मग जरा मऊ होऊन म्हणाला, "हे बघा, व्यापारी माणसं. देशाचा व्यवहार चालतो त्यांच्यावर. आणि तुमची तीन लाइनींवर नीट चालली आहे ना रांग?"

नीट चालली आहे ना रांग. हे वाक्य तिने मला दोनदा सांगितलं. शेठ रांग मोडून गेला याचं तिला तेवढं वाटलं नव्हतं. नऊ दिवस आपण त्या पोस्टातल्या बाकांवरच्या माणसांना "नंबर आला की येईल" असं शपथेवर सांगितलं, आणि रांग होती ती तेवढ्या मूर्खांपुरतीच होती, याची तिला किळस आली होती. आपणच त्यांना बाकावर बसवून ठेवलं. कोंडीराम निदान कुलूप तरी लावत होता.

चार वाजून पाच मिनिटांनी तिने खुंटी उपटली, लाल चिठ्ठी फाडली आणि चौथ्या भोकात तार घातली. पलीकडे बेळगावचा ऑपरेटर. नऊ वर्षं त्या दोघांचं रोज बोलणं होत होतं आणि दोघांना एकमेकांची नावं ठाऊक नव्हती. तो तिला मुंबई म्हणायचा, ती त्याला बेळगाव.

"काय वो मुंबई, चार नंबरवर तुम्ही? आज पेढीवाले न्हाईत होय?"

"ही लाइन बंद होती ना?"

"कोन म्हनतंय? रोज चालू हाय की वो. तुमच्याकडनंच येतंय की."

आता लाइन हातात होती, शांता पोस्टात होती आणि पाचाला पंचावन्न मिनिटं होती. कोणत्याही माणसाने काय केलं असतं ते उघड आहे. बकुळाने साध्या तिकिटांमधलं पहिलं तिकीट उचललं.

मी तिला विचारलं, थेट शांताचा नंबर का नाही दिलास? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोंडीरामच्या कमरेची किल्ली मागितली होती. "मग वेलकरमध्ये नि माझ्यात फरक काय? त्याचा शेठ, माझी मावशी."

अर्जंटवाले तिने तीन लाइनींवर ठेवले आणि चौथी साध्यांना दिली. हे नियमात बसत होतं का, ते सांगणं कठीण. नादुरुस्त लाइनीचे नियम कोणी लिहिलेले नव्हते. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येकाला जोडायला दोन-तीन मिनिटं, बोलायला तीन. प्रत्येकाला तिने थ्री मिनिट्स म्हणून तोडलं. कोण काय बोललं ते तिने मला सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही. शेजारच्या फळ्यांवरच्या मुली माना न वळवता बघत होत्या. वेलकर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तार काढा म्हणावं, तर लाइन चालू आहे हे सर्वांसमोर कबूल होतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "नादुरुस्त लाइन आहे. शॉक बसेल तुम्हाला."

"बसला साहेब," बकुळा म्हणाली आणि पाचवं तिकीट उचललं.

इकडे पोस्टात मी शांताबरोबर बाकावर होतो. साडेचारला कोंडीराम टॅक्सी घेऊन आला. फोटो टॅक्सीत मागच्या सीटवर उभा करून ठेवला होता, आणि त्याच्या शेजारी शांताने बसावं अशी व्यवस्था होती.

"मावशी, लोक जमायला लागलेत. वक्ते आलेत."

"फोन येवंदे."

"अहो, पाचला बंद होईल हे. दोन दिवस नाही आला तो आता काय येतोय? तुम्ही आई आहात त्याची. आई नसेल तर सभेला काय अर्थ?"

"फोन येवंदे, कोंडीराम. मग काय घालूचो तो हार घाल."

पावणेपाच झाले. पोस्टातला कारकून शामराव खिडकी आवरायला लागला. कोंडीरामने त्याला घड्याळ मागे आहे असं सुचवलं. शामरावने घड्याळ बरोबर आहे असं सांगितलं. पाचाला सात मिनिटं असताना टेलिफोन वाजला आणि शामराव म्हणाला, "घाडी. बेळगाव."

शांताने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. रामदासचा आवाज एवढा मोठा होता की बाकावर ऐकू येत होता. "मावशी, सकाळी आला तो. इथंच आहे. झोपलाय, उठवतो थांब."

उठवण्यात एक मिनिट गेलं. त्या एका मिनिटात शांताच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं, म्हणून मी कोंडीरामच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्यावर शोककळा पसरत होती. त्या आठवड्यातली ती पहिली खरी.

"आये?"

शांताने रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट दाबला.

"आये, ऐकतंस मां?"

"ऐकतंय."

"पोलिसांनी गाडीत घालून लांब रानात सोडल्यानी. चलान चलान इलंय. पाय सुजलेत, बाकी काय नाय."

"जेवलंस?"

"जेवलंय. आये, माझ्या जाग्यार बदली कोणाक घेतल्यानी?"

ती सांगणार तेवढ्यात बकुळाचा आवाज आला, "थ्री मिनिट्स," आणि तार गेली. शांता रिसीव्हरकडे बघत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "बकुळाच होती ती. मेल्या पोरीन वळख दाखवल्यान नाय."

कोंडीराम लवकर सावरला. "मावशी, तरी सभेला याच. फोटो केलाच आहे."

"तो तुझ्या घरात लाव. हारय तुझ्याच गळ्यात घाल, नायतर फुकट सुकतलो."

सभा झाली. कोंडीरामने जगदीशला "जिवंत हुतात्मा" म्हटलं आणि टाळ्या पडल्या.

सोमवारी खात्यात चौकशी. एक मोठे अधिकारी आले. बकुळासमोर आठ तिकिटं मांडली होती. प्रत्येकावर तिच्या अक्षरात वेळ आणि लाइन नंबर चार. वेलकरने सुचवलं की तिने चाराचे तीन करावेत, म्हणजे कोणालाच त्रास नाही.

"तीनवर त्या वेळी दुसरी माणसं बोलत होती, साहेब," बकुळा म्हणाली. "त्यांची तिकिटं पण माझ्याच अक्षरात आहेत. एका तारेवर एका वेळी दोघांना कसं बसवू?"

अधिकारी विचारी होते. बकुळाने चौथ्या लाइनीवरून अर्जंट सोडून साधे कॉल दिले असं लिहावं, तर लाइन चालू होती असं लिहावं लागत होतं. लाइन चालू होती असं लिहिलं, तर नऊ दिवस तिच्यावर कोण होतं असा प्रश्न येत होता. दुपारच्या चहानंतर त्यांना मार्ग सापडला. लाइन नादुरुस्त असल्याने तिच्यावरून कॉल होणं शक्य नव्हतं, सबब सदर आठ कॉल झालेले नाहीत. काही झालंच नसल्यामुळे बकुळाला शिक्षा करण्याचाही प्रश्न उरला नाही. सर्वांनी तिचं अभिनंदन केलं. चौथी लाइन बुधवारी दुरुस्त झाल्याचं जाहीर झालं, आणि शुक्रवारी कोल्हापूरच्या फळ्यावर एक लाइन आजारी पडली.

पुढच्या आठवड्यात जगदीश परत आला. पायांना फडकी बांधून तो गॅलरीत बसला होता तेव्हा पोस्टमनने शांताच्या हातात खात्याची छापील चिठ्ठी दिली. ती मी वाचून दाखवली: अमुक तारखेचा आपला बेळगावचा कॉल लागू शकला नाही, गैरसोयीबद्दल खेद आहे.

"मग मी बोललंय कोणाक?" शांता म्हणाली.

जगदीश खो खो हसला. सीताराम हसला. कोंडीरामसुद्धा तिसऱ्या दारातून बाहेर येता येता थांबून हसला. बकुळा कामावरून नुकतीच आली होती. तिने चिठ्ठी हातात घेऊन वाचली आणि घाण लागल्यासारखी दोन बोटांनी परत दिली.

"हसू नकोस रे," ती जगदीशला म्हणाली. "तुझं काय, तू घरी आलास. तुझ्या आधी सात जण होते. त्यांना पण हेच कागद गेलेत. ते काय बोलले, कोणाला शेवटचं बोलले, मला ठाऊक आहे. आणि ते झालंच नाही म्हणे."

जगदीशने हसू आवरलं. मग काहीतरी विचारावं म्हणून त्याने विचारलं, "कोण कोण होते?"

नावं ती सांगणार नव्हतीच. तिने कठड्याला टेकून तिकिटांचे नंबर सांगितले, रोजच्या त्याच आवाजात, क्रमाने: एकशे चार, एकशे सात, एकशे आठ, एकशे तेरा, एकशे सतरा, एकशे अठरा, एकशे बावीस.

"आणि तू एकशे सव्वीस," ती म्हणाली, आणि हातपाय धुवायला आत गेली.